साखर डब्यात हाय

चिचटोल्यात वाघानं नेलेली सत्यशीला पहिली बाई नव्हती आणि शेवटचीही नसेल. पण बायको गेली म्हणून नवरा नट झाला, असं मात्र तिच्याच बाबतीत घडलं.

तिचा नवरा लच्छू. वर्षातले सात महिने तो मिळेल ती मजुरी करायचा. धानाची रोवणी, कापणी, उन्हाळ्यात बिडीचा तेंदूपत्ता तोडणं. उरलेले महिने, म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत, तो वडशाच्या भैयाजीच्या नाटक मंडळीत पडदा ओढायचा. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलमुलखात, हिवाळा म्हणजे नाटक. गावात बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरो की मंडईची जत्रा, घर पाहुण्यांनी भरलं की नाटक हवंच. मग वडशात दुकान मांडून बसलेल्या मंडळ्या पडदे, पेट्या आणि नट एकाच ट्रकात घालून गावोगाव पोहोचवतात. त्या ट्रकात लच्छू पडद्याच्या गुंडाळीवर बसून जायचा. वीसेक हंगाम असेच गेले होते.

काम सोपं होतं. विंगेत दोरी धरून उभं राहायचं. हिरोनं मरता मरता शेवटचं वाक्य टाकलं की दोन्ही हात वर न्यायचे, हाताखाली हात घेत दोरी सरसर ओढायची, पडदा बंद. पलीकडून टाळ्यांचा कडकडाट यायचा आणि लच्छू अलीकडे घाम पुसत उभा असायचा. त्यातल्या थोड्या टाळ्या आपल्याही असतील असं त्याला वाटायचं. वाटून घ्यायला काय जातं?

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एकदा पडद्याच्या पुढं उभं राहून बोलायचं, आणि माणसं रडवायची. दर दिवाळीला तो भैयाजीजवळ विषय काढायचा आणि दर दिवाळीला भैयाजी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा की तुझ्यासारखा दोरीवाला साऱ्या वडशात नाही. एका वर्षी लई मागं लागला म्हणून प्रेताचं काम दिलं. प्रेत डोळे मिटून पडलं होतं खरं, पण बाकीच्यांचे संवाद ओठांत पुटपुटत होतं. लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून लच्छू पुन्हा दोरीवर.

सत्यशीलेला हे सारं पाठ होतं. ती तोंडानं तिखट आणि हातानं चलाख. नवरा उन्हाळ्यातही बांधावर उभा राहून पळसाला संवाद ऐकवायचा, तेव्हा ती म्हणायची, "तुमी पुढं आले तं पडदा कोन ओढीन? मी येऊ का?" पण हसत म्हणायची. मुलगी दिव्यानी बारावीला विज्ञान घेऊन शिकत होती, तिच्या वह्या-पुस्तकांचं सारं सत्यशीलाच पाहायची. पोरीला नर्स करायचं, हे तिनं पोर पाचवीत असतानाच ठरवून टाकलं होतं. का, तर तालुक्याच्या दवाखान्यात एकदा एका नर्सनं तिला 'बाई, बसा' म्हटलं होतं. तेवढ्यावर तिनं हे ठरवलं.

तेंदूपत्त्याच्या दिवसांत गावातली माणसं उजाडायच्या आत जंगलात शिरतात आणि ऊन चढायच्या आत परततात. जोडीनं जायचं, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं इकडंतिकडं पाहत राहायचं, ही रीत. मे महिन्यातल्या त्या सकाळी लच्छूनं अंग दुखतं म्हणून सांगितलं. अंगबिंग काही दुखत नव्हतं, झोप सोडवत नव्हती. सत्यशीलेनं काही वाद घातला नाही. चुलीवरचा चहा पेल्यात ओतला, झाकला, दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि दारातून म्हणाली, "चाहात साखर नाई टाकली. साखर डब्यात हाय."

एवढंच. माणसं जाताना काही मोठं बोलून जातात हे नाटकात. लच्छू थोड्या वेळानं उठला, डबा फळीवर होता, तिथवर जायचा कंटाळा केला आणि बिनसाखरेचाच चहा पिऊन टाकला.

ती वाकून पानं तोडत होती. वाकलेल्या माणसाला वाघ जनावर समजतो म्हणतात. वाघ काय समजतो ते वाघालाच ठाऊक. दुपारी नाल्याच्या काठी सापडली तेव्हा ओटीत बांधलेली पानं हिरवीच होती. लच्छू त्या पानांजवळ बसला तो उठेना. चार माणसांनी त्याला उचलून आणला. त्या दिवशी तो खरा रडला. ते रडणं पुढं कुणाला पुन्हा दिसलं नाही, जरी त्यानं ते शेकडो माणसांसमोर दाखवायचा प्रयत्न केला.

सरकारकडून अशा मरणाला भरपाई मिळते. रक्कम मोठी असते. काही लगेच हाती, बाकीची बँकेत काही वर्षांसाठी अडकवलेली. मरणानंतरच्या जलदानविधीच्या दिवशी बुद्धविहारात सारा समाज जमला होता, तेव्हा लच्छू उभा राहिला आणि त्यानं बोलून दाखवलं, "हे पैसे दिव्यानीचे होत. तिच्या मायनं जीव देऊन कमावले. मी तिले नर्स करतो." बाया रडल्या. लच्छूनं ते पाहिलं. आपण बोललो आणि माणसं रडली, हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ते पाहिलं नसतं तर पुष्कळ बरं झालं असतं.

पावसाळ्यात दहा लाख त्याच्या खात्यात पडले आणि लच्छ्याचा लच्छूभाऊ झाला. किराणावाला दुकानातून उठून बाहेर येऊ लागला. ज्या सोयऱ्यांनी सत्यशीलेच्या लग्नानंतर उंबरा ओलांडला नव्हता त्यांना तिची आठवण छळू लागली. पानठेल्यावर गडी एकमेकांना टाळ्या देत म्हणायचे, आपल्या बायकोला वाघ का पाहत नाही बुवा. आणि हातपंपावर बाया एकमेकींना सांगायच्या, मी नवऱ्याला बजावलं, सकाळी मला लवकर उठवू नका, तुमचा काही भरवसा नाही. साऱ्यांना हसू यायचं. गरिबाला पैसा आला की तो कसा आला हे लोक लवकर विसरतात, आणि नाही विसरले तर त्यावर हसतात.

दिव्यानी बारावी झाली. नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला. फी भरायची मुदत जवळ आली होती, आणि त्याच आठवड्यात भैयाजी आला.

भैयाजी गाडी दूर उभी करून चिखलातून पायी आला. खुर्ची दिली तर बसला नाही, जमिनीवर बसला. सत्यशीलेच्या फोटोला हात जोडून रडला. भैयाजीला रडायला कधी वेळ लागत नाही, तो त्याच्या धंद्याचाच भाग आहे. मग डोळे पुसून म्हणाला की लच्छू, साऱ्या झाडीपट्टीत घरोघरी हेच दुःख आहे आणि त्यावर नाटक नाही. तुझी गोष्ट मी लिहितो. तुझं काम दुसरा कोण करणार? तूच करायचं. सत्यशीलाबाईचं नाव गावागावात पोहोचेल. फक्त या हंगामाला भांडवल कमी पडतं आहे, होळीला दुपटीनं परत.

लच्छूच्या कानाला पुढचं ऐकूच आलं नाही. 'तूच करायचं', एवढंच तो ऐकत बसला.

दिव्यानी आतून बाहेर आली. मोठ्या माणसांत बोलायची तिची रीत नव्हती, तरी बोलली. "बाबा, तुमी विहारात सांगतलं होतं."

"हाओ ना बाई," लच्छू म्हणाला. "तुह्याच पैशाचे दुप्पट करून राह्यलो. एक वर्षानं काय बिघडते? तुह्या मायसाठी लोकं रडतीन."

"मायसाठी की तुमच्यासाठी?"

बायकोवर लच्छूचा जीव होता, ती गेल्यापासून तो पोटभर जेवला नव्हता. आणि स्टेजवरही त्याचा जीव होता. दोन्ही एकाच जागी येऊन मिळालं होतं, आणि कुठलं कुठं संपतं हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. पण सारे पैसे मात्र त्यानं आठवड्याच्या आत भैयाजीच्या हाती दिले. फीची मुदत संपली. दिव्यानी त्या दिवशी दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत तण निंदायला गेली.

तालमी सुरू झाल्या. पैशातून नवा जनरेटर आला, नवे पडदे आले, आणि पडदा ओढायला एक मोटार आली. बटण दाबलं की पडदा आपला आपण बंद. भैयाजीनं कौतुकानं लच्छूला ते दाखवलं, म्हणाला, आता तू हिरो, तुला दोरी कशाला? लच्छूनंही दोन-तीनदा बटण दाबून पाहिलं आणि पोरासारखा हसला. आपली भाकरी कापणारी सुरी आपणच विकत घेतली आहे, हे त्याच्या ध्यानात यायला अजून वेळ होता.

नाटकातलं शेवटचं भाषण त्यानं स्वतः सांगितलं, भैयाजीनं उतरवून घेतलं. त्यात सारं खरं होतं. जोडीला न जाणं, ओटीतली हिरवी पानं, आणि तिचं ते शेवटचं वाक्य. लच्छूचा विश्वास होता की खरं जसंच्या तसं सांगितलं की माणसाला रडू येतंच. विंगेत वीस वर्षं काढूनही त्याला एवढं कळलं नव्हतं की तिथं खोट्यालाही शिकावं लागतं आणि खऱ्याला तर फारच.

पहिला प्रयोग चिमूरकडच्या एका गावात झाला. मंडप गच्च भरला होता. दोन अंक बरे गेले. शेवटी लच्छू एकटा पुढं आला. आवाज फाटला, तरी लोक शांत होते. भाषण वर चढत गेलं, चढत गेलं, आणि नेमकं टोकाला आलं तेव्हा त्याचे दोन्ही हात आपोआप वर गेले. वीस वर्षांची सवय. तिकडं तो म्हणत होता, "चाहात साखर नाई टाकली, साखर डब्यात हाय," आणि इकडं त्याचे हात हवेत, नसलेली दोरी, हाताखाली हात घेत सरसर ओढत होते.

कुठंतरी एक पोरगं फिसकन हसलं. मग सारा मंडप हसला. लच्छू घाबरला, आणखी मोठ्यानं रडला, हात आणखी जोरात ओढू लागले. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी भैयाजीनं बटण दाबलं.

विंगेत तो कोपऱ्यात जाऊन बसला. त्याला मरावंसं वाटत होतं. आणि तेवढ्यात माइकवर बक्षिसं पुकारली जाऊ लागली. आपल्याकडं ही रीतच आहे. एखादा नट आवडला की माणूस दहा-वीस रुपये आणि आपलं नाव माइकवाल्याकडं पोहोचवतो, नाव पुकारलं जातं, नटानं पुढं येऊन नोट कपाळाला लावायची आणि तेवढा प्रवेश पुन्हा करायचा. त्या दिवशी हिरोईनला चार बक्षिसं आली. लच्छूला सतरा.

भैयाजी धंद्यातला मुरलेला माणूस. तिसऱ्या प्रयोगापर्यंत त्यानं नाटक बदललं होतं. मंडळीतला विनोदी नट विक्की पट्ट्यापट्ट्यांचा वाघ होऊन यायचा, पेला तोंडाला लावून थू करायचा आणि विचारायचा, साखर कुठी हाय? लच्छूनं रडत, दोरी ओढत सांगायचं, डब्यात हाय.

लच्छू पहिल्यांदाच भैयाजीवर ओरडला. हे माझ्या बायकोचं शेवटचं बोलणं आहे, म्हणाला. भैयाजीनं ऐकून घेतलं. तो कधी चिडत नसे, चिडणाऱ्याचा सौदा मोडतो हे त्याला माहीत होतं.

"नोको करू," तो म्हणाला. "नाटक बंद करतो. पैसे गेले समज. पोरीले तूच सांग."

लच्छू वाघाशेजारी जाऊन उभा राहिला. पोरीसाठी करतो आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि त्या घडीला ते खरंही होतं.

हंगाम तुफान गेला. पोरांनी मोबाइलवर तुकडे काढले. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर चहावाला पेला देताना म्हणायचा, साखर डब्यात हाय. लग्नात वाढपी म्हणायचे. भैयाजीनं पोस्टरवर वाघ, पेला आणि हात वर केलेला लच्छू छापला. आणि या सगळ्यात सर्वांत वाईट गोष्ट घडली ती अशी, की लच्छूला हे हसू आवडू लागलं. गडचिरोलीकडच्या एका गावात थंडीनं गारठलेले लोक हसले नाहीत, तेव्हा तो विंगेत येऊन विक्कीला म्हणाला की तू पेला लवकर ठेवतोस, हसू वर येत नाही. सत्यशीलेचा आवाज कसा होता हे आठवायला बसला तर त्याला आता स्वतःचाच आवाज ऐकू यायचा.

दिव्यानी घरी एकटीच राहत होती. पाण्याला निघाली की पोरं मागून ओरडायची, साखर डब्यात हाय. पहिल्यांदा ती दगड घेऊन धावली. मग धावणं सोडलं. लच्छू अधूनमधून घरी यायचा, तिच्यासाठी गरम शाल आणायचा, काय काय सांगायचा. ती भाकरी वाढायची. चहा करायची तो साखर घालूनच करायची, आणि फळीवरचा डबा तिनं कुठं ठेवला हे तिनं त्याला कधी सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

जानेवारीत चिचटोल्याची मंडई आली, आणि गावानं एकमतानं लच्छूचंच नाटक बोलावलं. आपलाच माणूस, अभिमान वाटणारच. त्याच सुमारास तेलंगणात मिरची तोडायला बाया न्यायला गाड्या येतात. दोन-अडीच महिने तिखटात हात, रात्री पालात झोप, आणि मजुरी म्हणून थोडे पैसे नि पोतंभर मिरची. दिव्यानीनं नाव दिलं होतं. गाडी रात्रभर चालणारं नाटक संपता संपता, पहाटे निघणार होती.

नाटकाच्या दिवशी तिनं बापाला एकच विचारलं, पैसे होळीला येतील ना. लच्छूनं त्याच संध्याकाळी भैयाजीजवळ विषय काढला. भैयाजीनं ट्रकातून उतरणाऱ्या पेट्यांकडं बोट दाखवलं. हे सारं तुझेच पैसे तर आहेत, म्हणाला, डोळ्यांसमोर उभे आहेत, विकून टाकू का? आणि पुढच्या वर्षी हा वाघ जुना होईल लच्छू, लोक नवीन मागतील. तुझं काहीतरी पाहू. पण दोरीचं काम तर आता राहिलं नाही. लच्छूला सारं समजलं. समजूनही तो तोंडाला रंग लावायला बसला, कारण पाहुण्यांनी मंडप भरत आला होता आणि दुसरं काही करायचं त्याला सुचलं नाही.

शेवटचा प्रवेश आला तेव्हा झुंजुमुंजु झालं होतं. लच्छूनं आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम केलं. हात वर गेले, वाघानं पेला ठेवला, आणि चिचटोला पोट धरून हसला. बक्षिसं सुरू झाली. सरपंच झाले, किराणावाला झाला. मग माइकवाला, जो वडशाचा होता आणि ज्याला गावातलं कुणी ठाऊक नव्हतं, त्यानं पुढचं नाव पुकारलं.

"लच्छूभाऊंच्या कामावर खुश होऊन, सत्यशीला लच्छू मेश्राम यांच्याकडून दहा रुपये."

पाहुण्यांना वाटलं, हा नाटकातलाच नवा विनोद. ते हसले. गावातल्या माणसांनी माना खाली घातल्या. मग पाहुणे हसताहेत म्हणून तीही हसली.

लच्छूनं बायांच्या बाजूला पाहिलं. दिव्यानी कडेला उभी होती. खांद्याला पिशवी, डोक्याला आईचा दुपट्टा गुंडाळलेला. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. रस्त्यावर गाडीनं भोंगा दिला तशी ती वळली आणि इतर बायांमागून चालू लागली.

लच्छूला पडदा पडायला हवा होता. आत्ता, या घडीला. त्याचे हात वर गेले, दोरी शोधू लागले, जोरात, हाताखाली हात, आणि या वेळी ते सवयीनं गेले नव्हते. मंडपाला त्यातला फरक कळला नाही. हशा आणखी वाढला. बटण भैयाजीच्या बोटाखाली होतं आणि भैयाजी ते दाबत नव्हता. बक्षीस आलं होतं, प्रवेश पुन्हा करायचा होता. कुणीतरी नोट आणून लच्छूच्या हातात दिली. त्यानं ती कपाळाला लावली. वाघानं पुन्हा पेला उचलला.

"चाहात साखर नाई टाकली," लच्छू म्हणाला. पुढचं त्याला बोलावं लागलं नाही. ते सारं गाव बोललं.